चेहऱ्याच्या खड्ड्यांसाठी लेझर : काय अपेक्षा ठेवावी? (नाशिक)

अबोली_नाशिक
मंडळी, कॉलेजात असताना तोंडावर मुरुमांनी धुमाकूळ घातला होता. मुरुम गेले, खड्डे राहिले. दोन्ही गालांवर आणि कानशिलांपाशी जास्त. मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर ट्यूबलाइटखाली उभं राहून लोकांशी बोलायचं असतं, आणि वरून पडणाऱ्या उजेडात खड्डे किती खोल दिसतात हे ज्यांना आहेत त्यांना सांगायला नको.

कॉलेज रोडच्या एका स्किनच्या डॉक्टरांनी फ्रॅक्शनल सीओटू लेझर सुचवलंय. चार सिटिंग, मधे महिना-दीड महिन्याचं अंतर. त्यांनी समजावून सांगितलं, नाही असं नाही, पण बाहेर पेशंटची रांग लागलेली असताना आपल्या डोक्यात काय शिरणार?

म्हणून इथे विचारतेय. किती दुखतं? किती दिवस घरी बसावं लागतं? खड्डे खरंच जातात, की 'आधी-नंतर'च्या फोटोत नुसता लाइट बदलतात? आणि सावळ्या रंगाला हे चालतं का? मला खरी धास्ती त्याचीच आहे.

घरी फक्त नवऱ्याला माहितीये. सासूबाईंना काय सांगायचं हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

बाळूतात्या
चिवडा घेऊन बसलोय. (कोंडाजी, अर्थात.)

पंचवटीकर
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. माणसाचं मन बघावं, गाल कशाला बघायचे? आमच्या आजीने आयुष्यभर हळद-दुधाची साय लावली. हे सगळे कॉलेज रोड-गंगापूर रोडचे भाडे काढायचे धंदे आहेत.

तिखटमीठ
पंचवटीकर, ताईंनी 'करू का' असं विचारलेलंच नाही, 'काय होतं' असं विचारलंय. आणि तुमचे पुढचे केस गेले तेव्हा ट्रान्सप्लांटचा धागा कोणी काढला होता? लिंक शोधून देऊ?

पंचवटीकर
नको. वाचनमात्र होतो.

शुभदा_जी
अबोली, माझी सगळी सिटिंग्ज झाली आहेत, त्यामुळे तपशीलवार लिहिते.

आधी तोंडभर भूल द्यायचं मलम थापतात आणि वर प्लास्टिकची फिल्म लावतात. तासभर तसंच बसायचं. (तेव्हाच नेमके ओळखीचे भेटतात.) मग डोळ्यांवर झाकणं. एक नळी सतत गार हवा मारत असते, आणि टक-टक-टक असा आवाज करत हँडपीस गालावर फिरतो. गालांवर सहन होतं. वरचा ओठ, जबड्याचं हाड आणि कपाळाची कड इथे मात्र जीव जातो. केस जळल्याचा वास येतो, तो कोणीच आधी सांगत नाही म्हणून मी सांगतेय. घाबरू नका.

प्रत्यक्ष काम वीस-पंचवीस मिनिटांत उरकतं. त्यानंतरचे तीन-चार तास खरे कठीण. चेहरा नुसता धगधगतो. मी पंख्याखालून हलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सूज, डोळ्यांखाली जास्त. तिसऱ्या दिवशी सूज उतरते आणि सगळ्या चेहऱ्यावर बारीक तपकिरी ठिपके दिसायला लागतात, हात लावला की खरखरीत. याच आठवड्यात नखं कापून टाका. खाज सुटते आणि हात आपोआप जातो. खपली ओढून काढली की तिथे डाग राहतो. आठवडाभरात आपसूक पडतात, आतून गुलाबी कातडी निघते. तो गुलाबीपणा काही आठवडे राहतो.

आता महत्त्वाचं. सुरुवातीचे पंधरा दिवस आरशात बघून तुम्ही खूश व्हाल, खड्डे भरलेले दिसतील. ती सूज असते. ती ओसरली की खड्डे 'परत' येतात आणि माणूस रडकुंडीला येतो. मी तर डॉक्टरांना फोन करून भांडले होते. खरा फरक त्यानंतर हळूहळू पडतो, तीन ते सहा महिन्यांत.

सातपूर_लोकल
मी छातीवरच्या केसांसाठी लेझर केलं होतं, काहीच दुखलं नाही, त्याच संध्याकाळी क्रिकेट खेळलो. उगाच घाबरवू नका लोकांना.

शुभदा_जी
दादा, ते केस काढायचं लेझर. इथे चेहऱ्याची कातडी जाळण्याबद्दल चाललंय.

सातपूर_लोकल
ओके. माघार.

चर्मचक्षू
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. नाशिकचा नाही, त्यामुळे कोणाच्या धंद्याची जाहिरात करत नाही. शुभदाताईंनी लिहिलंय ते तंतोतंत आहे, विशेषतः सुजेचं. मी फक्त कारणं सांगतो.

सीओटू लेझरच्या किरणाची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर, याच कामाच्या दुसऱ्या लेझरची, अर्बियम यागची, २,९४० नॅनोमीटर. दोन्ही पाण्यात शोषले जातात. आपल्या कातडीत पाणीच पाणी, म्हणून किरण पडेल तिथली कातडी वाफ होऊन उडते आणि आजूबाजूला उष्णता पसरते. त्या उष्णतेने जुनं कोलॅजन (कातडीला आतून आधार देणारं प्रथिन) आकसतं आणि नवं तयार व्हायला सुरुवात होते. खड्डा जो भरतो तो या नव्या कोलॅजनने. ते सावकाशीचं काम आहे, म्हणून तीन ते सहा महिने.

पूर्वी सगळा चेहराच सोलून काढत. गोऱ्या लोकांना परिणाम उत्तम मिळे, पण लाली महिनोन् महिने राहायची आणि आपल्या रंगाच्या लोकांची तर फार वाट लागायची. २००४ मध्ये अमेरिकेत 'फ्रॅक्शनल' कल्पना मांडली गेली आणि चित्र पालटलं. दारात रांगोळी काढायचा ठिपक्यांचा कागद आठवा : भोकं पाडलेली असतात, पण भोकांमधला कागद शाबूत असतो. तसं सूक्ष्म ठिपक्यांमध्ये जाळायचं आणि मधली कातडी शिल्लक ठेवायची. एका वेळी साधारण १० ते ३० टक्के भागालाच हात लावायचा. मधल्या निरोगी पेशी जखम पटापट भरतात. म्हणून तर एका फटक्यात काम होत नाही, सिटिंग लागतात.

सावळ्या रंगाचं : आपल्यातले बहुतेक लोक रंगाच्या वैद्यकीय वर्गवारीत चौथ्या-पाचव्या प्रकारात येतात. अशा कातडीला कुठलीही इजा झाली की ती काळे डाग सोडते. डास चावल्याचाही डाग महिनाभर राहतो ना, तोच प्रकार. लेझरनंतर हे डाग साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उमटतात, बरोब्बर जेव्हा माणूस 'झालं सगळं' म्हणून सनस्क्रीन सोडतो तेव्हा. बहुतेक वेळा काही महिन्यांत जातात. म्हणजे लेझर चालतं, पण ठिपके विरळ ठेवायचे, ताकद बेताची ठेवायची आणि दोन सिटिंग जास्त झाली तरी चालेल अशा बेताने. 'दोनच सिटिंगमध्ये गुळगुळीत' म्हणणाऱ्याकडून उठून यावं.

आणि 'खड्डे' म्हणजे सगळे एकसारखे नसतात. पसरट, कडा असलेल्या खड्ड्यांना लेझर बरं लागू पडतं. सुई टोचल्यागत अरुंद खोल भोकं असतात, त्यांच्या तळाशी लेझर पोचत नाही, तिथे ॲसिडचा थेंब काडीने घालतात. आतून धाग्यांनी ओढलेल्या लाटांसारख्या खळग्यांना आधी सुईने ते धागे सोडवावे लागतात. तुमच्या डॉक्टरांनी बोटाने कातडी ताणून, बाजूने उजेड टाकून बघितलं का? बघितलं असेल तर योग्य जागी आहात.

अबोली_नाशिक
हो, टॉर्च आडवा धरून बघितलं! मला वाटलं डॉक्टरांची लाइट गेली.

निरीक्षक
अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे सीओटू लेझर ज्यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्समध्ये शोधलं ते कुमार पटेल जन्माने बारामतीचे आणि इंजिनिअर झाले पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात. म्हणजे अबोलीताई, तुमच्या गालावर पडणार तो किरण तसा आपल्याकडचाच.

बाळूतात्या
म्हणजे इथेही सूत्रं बारामतीतूनच हलतात!

तिखटमीठ
तात्या, राजकारणाचा विभाग वेगळा आहे. चिवडा खा.

नाव_नको
मला यातली दुसरी बाजू लिहायची आहे. शहरातल्या एका चकाचक सेंटरमध्ये मला आधी पॅकेज विकलं आणि मग तपासलं. तपासलं म्हणजे काय, रिसेप्शनच्या मुलीने टॅबवर फोटो काढले. माझा त्रास खड्डे नव्हताच, दोन्ही गालांवर वांग होता. 'लेझरने डाग उडतात' एवढंच कळलं. डॉक्टर म्हणून जी व्यक्ती समोर आली तिची डिग्री आजतागायत मला माहीत नाही. दुसऱ्या सिटिंगनंतर वांग दुप्पट काळा झाला, शिवाय जबड्यावर चौकोनी जाळी उमटली, यंत्राचा ठसा जसाच्या तसा. परत गेले तर म्हणे 'मॅडम, तुम्ही उन्हात गेला असाल'. मी स्कूटीवर जाते, स्कार्फ, सनकोट, हातमोजे सगळं असतं. पैसे परत मागितले तर त्याऐवजी फेशियल घ्या म्हणाले.

जाळी आता बरीच फिकी झालीय. वांग आहे तसाच.

चर्मचक्षू
नाव_नको, वाईट वाटलं वाचून. वांगावर असं लेझर मारणं म्हणजे आगीत तेल. वांग उष्णतेने भडकतो. त्याला आधी सनस्क्रीन आणि मलमं, तीही महिनोन् महिने. एक विचारतो : त्याआधी मेडिकलमधून 'गोरेपणाचं' म्हणून एखादं मलम आणून लावत होतात का?

नाव_नको
पार्लरवालीने दिलेली एक ट्यूब होती. दोनेक वर्षं लावली. थांबवली की तोंड लाल व्हायचं, म्हणून चालू ठेवायचे.

चर्मचक्षू
स्टिरॉइड असणार. कातडी पातळ होते, सवय लागते. २०१८ मध्ये केंद्राने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, तरी काउंटरवर मिळतात हे वास्तव आहे. असल्या कातडीवर लेझर लावण्याआधी ती आधी सावरावी लागते, आणि ते न विचारणं ही सेंटरची चूक, तुमची नाही.

सगळ्यांसाठी : लेझर करणाऱ्याची डिग्री विचारायला लाजू नका. एमडी किंवा डीएनबी स्किन, नाहीतर डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल हा त्वचारोगाचा डिप्लोमा असावा, आणि महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलच्या साइटवर नाव शोधता येतं. दुसरं म्हणजे हँडपीस कोणाच्या हातात असणार तेही विचारा. डॉक्टर केबिनमध्ये आणि लेझर टेक्निशियनच्या हातात, असं असेल तर मी माझ्या बहिणीला तिथे पाठवणार नाही.

पंचवटीकर
वाचनमात्र होतो, पण राहवत नाही. आरोग्य विद्यापीठ आमच्या नाशिकात, म्हसरूळला, आणि डिग्री कोणाकडे आहे ते आम्हीच शोधायचं!

हिशोबनीस
कोणी बिलाबद्दल बोललं नाही म्हणून. दिसण्यासाठी केलेल्या उपचाराला आरोग्यसेवेची जीएसटी-सूट नाही, १८ टक्के लागतो. पॅकेजचा आकडा 'प्लस टॅक्स' आहे का ते आधी विचारा. मेडिक्लेमही मिळत नाही. मात्र अपघात, इजा किंवा जन्मजात व्यंगामुळे बिघडलेलं पूर्ववत करण्यासाठी असेल तर जीएसटीत सूट आहे, तेव्हा कागदावर कारण नीट लिहून घ्या.

द्राक्षबाग
हिशोबनीस भाऊ म्हणतात ते बरोबर. मी पिंपळगावकडचा. मांडवाची तार तुटून गालावर बसली होती, कानापासून ओठापर्यंत टाके. व्रण जाड होता, माझ्या बिलावर अपघाताचा उल्लेख होता.

मी तुमच्यासारखा एसीत बसणारा नाही, म्हणून वेळ कधीची धरायची हा माझा मोठा प्रश्न होता. ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल निघेपर्यंत बागेतून पाय निघत नाही. एप्रिलची खरड छाटणी उरकून पाऊस लागला तेव्हा केलं. ढगाळ असलं तरी सनस्क्रीन लावायचं, हे मला तिसऱ्यांदा रागावून सांगितलं तेव्हा पटलं. आमच्याकडे गड्यांनी बघितलं की हसायचे, 'आण्णा पावडर लावून बागेत आले'. हसू दे. व्रण पुसला गेलेला नाही, पण सपाट झाला आणि रंग जुळला. दाढी दोन दिवसांची असली की समोरच्याला कळत नाही.

रेवा_सिडको
मला जन्मखुणेसाठी विचारायचं होतं, तांबडी आहे, हातावर. यानेच जाईल?

चर्मचक्षू
नाही, तांबड्या खुणेला रक्तवाहिन्यांचं वेगळं लेझर असतं. लेझर म्हणजे एकच यंत्र नव्हे. वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

अबोली_नाशिक
खूप आभार सगळ्यांचे. अजून दोन शंका. मी मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या होत्या, बंद करून फार दिवस झाले नाहीत. आणि दुसरं, चारही सिटिंग सलग घेतली तर शेवटचं ऐन उन्हाळ्यात येतंय, मधे रंगपंचमी. आमचं माहेर जुन्या नाशकात, तिवंध्याजवळ.

बाळूतात्या
तिवंधा म्हणजे रहाडीच्या काठावरच माहेर की! धप्पा मारल्याशिवाय राहवेल का तुम्हाला?

बाहेरगावच्या मंडळींसाठी : रहाड म्हणजे जुन्या नाशकातले पेशवेकालीन दगडी हौद. वर्षभर बुजवलेले असतात, रंगपंचमीला उघडून रंगाचं पाणी भरतात आणि लोक त्यात उड्या टाकतात. त्या उडीला धप्पा म्हणतात. अंगावरचा रंग दोन दिवस जात नाही.

शुभदा_जी
ताज्या लेझरवर रहाडीचा धप्पा? विचारानेच गाल चुरचुरला.

चर्मचक्षू
गोळ्यांचं डॉक्टरांना आठवणीने सांगा. पूर्वी सरसकट सहा महिने थांबायचा नियम होता. फ्रॅक्शनलसाठी आता इतकं कडक धरत नाहीत, पण निर्णय तुमची कातडी बघणाऱ्याने घ्यायचा. तसंच ताप आल्यावर ओठाच्या कडेला फोड येत असतील तर तेही सांगा, कारण सोललेल्या कातडीवर तो विषाणू चेहराभर पसरू शकतो. आधीपासून गोळ्या चालू केल्या की टळतं. जखमेवर गाठी धरण्याची प्रवृत्ती घरात असेल, गरोदरपणाचा बेत असेल, तर तेही.

चारही सिटिंग सलग उरकलीच पाहिजेत असा काही दंडक नाही. दोन थंडीत घ्या, उन्हाळा सोडा, उरलेली पावसाळ्यानंतर. मधल्या काळात कोलॅजनचं काम चालूच असतं. अनेकदा तेव्हा लक्षात येतं की चौथ्याची गरजच नाही. टॅन झालेल्या चेहऱ्यावर लेझर कोणीच करू नये.

आणि आकडा हवाच असेल तर : खड्डे निम्म्याने उथळ झाले तर ते चांगलं यश समजा. शंभर टक्के कोणी देत नाही.

तिखटमीठ
हे निम्म्याचं वाक्य दवाखान्यांच्या बोर्डावर पाहिजे.

अबोली_नाशिक
(संक्रांतीनंतर)
धागा वर काढतेय, पहिलं सिटिंग झालं. आधी डॉक्टरांना जबड्याखाली छोट्या जागेवर करून बघायला सांगितलं आणि महिनाभर थांबले. डाग आला नाही, मग पूर्ण चेहरा. शुक्रवारी केलं, पुढचा अख्खा आठवडा सुट्टी टाकली होती आणि तेवढी लागली. दुखण्याबद्दल शुभदाताईंशी सहमत, वरचा ओठ भयंकर. वासाचं माहीत होतं म्हणून बरं. पाचव्या दिवशी उशीच्या अभ्र्यावर तपकिरी भुगा दिसायला लागला. पहिले दिवस नुसतं व्हॅसलिन आणि साधं पाणी. फेसवॉश बंद होता. कपाळावर बारीक पांढरे दाणे आलेत, डॉक्टर म्हणाले व्हॅसलिन कमी करा, जातील.

खड्डे? आत्ता सूज उतरलीय, त्यामुळे जैसे थे. तुम्ही सांगितलं नसतं तर मीही फोन करून भांडले असते.

सासूबाईंना 'ॲलर्जी झालीय' सांगायचं ठरलं होतं. त्यांनी पहिल्याच सकाळी चहाचा कप ठेवता ठेवता विचारलं, "लेझर केलंस ना? कितीला पडलं?" त्यांच्या भिशीत दोघींच्या सुनांनी केलंय म्हणे. आता त्या स्वतःच्या वांगाला करायचं म्हणून मागे लागल्या आहेत. काय सांगू?

नाव_नको
अजिबात नाही! माझा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवा.

चर्मचक्षू
+१. सोबत घेऊन जा, पण तपासायला, लेझरला नाही. तोपर्यंत रंगीत छटेचं सनस्क्रीन आणून द्या, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं. वांगाला ऊन तर लागतंच, पण नुसता दिसणारा उजेडही भडकवतो, आणि साधं पांढरं सनस्क्रीन तो अडवत नाही. दोन बोटांवर पेरभर नाही, बोटभर लांब रेघ काढून तेवढं सगळं चेहऱ्याला आणि मानेला लावायचं, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी परत. सध्या कुठली ट्यूब लावतात तेही बघा, आणि ती डॉक्टरांना दाखवायला बरोबर न्या. परस्पर फेकू नका, एकदम बंद करायची नसेल तर ते डॉक्टर सांगतील.

अबोली_नाशिक
देवघराच्या खणात सापडली. नाव अर्धं पुसलंय, फोटो व्यक्तिगत निरोपात पाठवते.